तत्त्वतः हो

अपर्णा आमच्या कॉलेजात प्रशासकीय कायदा शिकवते. हिंगोलीचं आमचं लॉ कॉलेज सकाळचं असतं. अकरा वाजले की निम्मी मुलं कोर्टात जातात, बाकीची दुकानात नाहीतर शेतात. मी करार कायदा शिकवते. आम्हा दोघींची टेबलं एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे तिच्या बाबतीत जे घडलं ते मी जवळून पाहिलं आणि काही वेळा तिच्यासोबत होते. हे लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण मला चांगली करून लिहू नको."

तिचे वडील उद्धवराव सेनगावच्या तहसीलमध्ये कारकून होते. राहायचे हिंगोलीत, रोज एसटीने ये-जा. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घराच्या ओट्यावर माणसं येऊन बसायची. कुणाचा उत्पन्नाचा दाखला अडलेला, कुणाचा फेरफार, कुणा बाईचं निराधार योजनेतलं नाव. उद्धवराव सावकाश आंघोळ करायचे, पूजा करायचे, पेपर वाचायचे आणि मग बाहेर येऊन म्हणायचे, "बघू." लहानपणी अपर्णा त्या माणसांना तांब्याने पाणी नेऊन द्यायची. वडील पैसे खात नव्हते, हे ती आजही ठामपणे सांगते. "त्यांना पैसे नको होते. त्यांना लोकांनी थांबलेलं आवडायचं," ती म्हणते.

त्या ओट्यावरूनच तिचा अभ्यास सुरू झाला असं मला वाटतं. नांदेडला एलएलएम करताना आणि पुढे पीएचडीलाही तिने एकच प्रश्न धरून ठेवला होता. सरकारी माणसाच्या हातात 'देतो' किंवा 'देत नाही' म्हणण्याची जी ताकद असते, ती कायद्याने किती ठेवायची? आणि आता ते काम यंत्र करू शकत असेल, तर ठेवायचीच कशाला? यंत्राला जात कळत नाही, ओळख कळत नाही, रविवारी त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत नाही. निकष आत घालायचे, माहिती भरायची, उत्तर यायचं. सगळ्यांना सारखं.

पुण्याच्या एका कायदेविषयक नियतकालिकात तिचा या विषयावरचा लेख आला आणि तो बराच गाजला. मोठ्या विद्यापीठातल्या लोकांनी आपल्या लेखांत त्याचे दाखले दिले. हिंगोलीतून कुणी असं लिहितं याचंच पुष्कळांना नवल वाटलं. पाठोपाठ तिला एका शासकीय समितीचं बोलावणं आलं. जनावरं दगावली की मालकाला मदत मिळते, ती यापुढे मोबाइलवरच्या ॲपमधूनच द्यायची असं ठरत होतं आणि त्याचे नियम करायचे होते. प्रयोग आधी मोजक्या तालुक्यांत होणार होता. त्यात सेनगाव होतं.

त्या समितीत एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचं म्हणणं असं, की ॲपने अर्ज नाकारला तर जागेवर जाऊन पाहणाऱ्या डॉक्टरला कारण लिहून तो मंजूर करता आला पाहिजे. एक दार उघडं ठेवा. अपर्णाने विरोध केला. "सर, दार ठेवलं की दाराशी माणूस बसतो," ती म्हणाली. सगळे हसले आणि तिने लिहून दिलेलं वाक्य जसंच्या तसं नियमात गेलं: प्रणालीने अपात्र ठरवलेला अर्ज कोणत्याही अधिकाऱ्यास स्वतःच्या अधिकारात मंजूर करता येणार नाही. नियम निघाला तेव्हा आमच्या प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये तिला शाल-श्रीफळ दिलं. फोटो पेपरात आला. उद्धवरावांनी तो कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवला.

पंचफुलाबाई आल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात. आमच्या कॉलेजात शनिवारी मोफत कायदा सल्ला केंद्र चालतं आणि तेव्हा तिथे अपर्णा बसली होती. पंचफुलाबाई साखऱ्याच्या. त्या आणि त्यांचे मालक मल्हारी, दोघांचं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. बाई खुर्चीवर बसेनात. शेवटी अपर्णाच उठून त्यांच्याशेजारी बाकावर बसली.

"बाई, आमची मेंढरं इजेनं मेली," त्या म्हणाल्या. "अवकाळी आलं, म्हून चिंचंखाली उभी केली व्हती. मालक हिकडं बांधावर, म्हून ते वाचले. मेंढरं जागच्या जागी पडली. समदी न्हाई, पण लई पडली."

"डॉक्टर आले होते का बघायला?"

"आले ना. भला माणूस हाय. त्यायनं डोळ्यांनं पाह्यलं, कागद केला, फोटो काढले. पण मशीन न्हाई म्हणून राहिली."

"का पण?"

"कानात पिवळा बिल्ला न्हाई म्हून. सरकारनं बिल्ले मारले व्हते बाई, मी खोटं न्हाई बोलत. पण मेंढरू बोरी-बाभळीत तोंड घालतंय. कान फाटतंय, बिल्ला तिथंच राहून जातंय. आता बाभळीला काय सांगावं?"

अपर्णाने टिपणं काढली. तिला केस सोपी वाटली. पंचनामा आहे, फोटो आहेत, डॉक्टर साक्षीला आहे. नंबर दिसला नाही एवढ्यावरून नकार कसा देता येईल? त्या वेळी तिच्या मनात आपला नियम आला नाही, हे तिने मला नंतर सांगितलं. यंत्रात काहीतरी बिघाड असेल असंच तिला वाटलं.

सोमवारी तास संपल्यावर आम्ही दोघी जीपने सेनगावला गेलो. डॉक्टरांचं नाव परमेश्वर. जनावरांच्या दवाखान्यात एका म्हशीला इंजेक्शन देऊन ते हात धूत होते. अपर्णाने ओळख सांगितली, कॉलेजचं नाव सांगितलं. समितीबद्दल काही सांगितलं नाही.

"मॅडम, मी स्वतः गेलो होतो तिथे," डॉक्टर म्हणाले. "एवढी जनावरं एका ठिकाणी मेलेली मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. वीजच होती, शंका नाही. पण बिल्ल्याचा नंबर टाकल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही. मी वरती फोन केले. वरचे म्हणतात, आमच्याही हातात नाही."

"तुम्ही तुमच्या सहीने शिफारस करा ना."

डॉक्टरांनी टेबलाच्या काचेखालचं परिपत्रक बोटाने दाखवलं. लोकांना समजावताना सारखं लागतं म्हणून त्यांनी ते तिथे ठेवलं होतं. "हे वाचा. कोणत्याही अधिकाऱ्यास. म्हणजे मी. आणि माझे साहेब, आणि त्यांचे साहेब. ज्यानं हे लिहिलं त्याला आमच्यावर लई संशय होता बघा." ते हे रागाने बोलले नाहीत. थोडं हसलेही.

अपर्णा काचेकडे बघत उभी राहिली. शब्दन् शब्द तिचा होता. मला वाटलं, आता ती सांगेल. तिने पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "अपील करता येईल का?"

अपील करता येत होतं. विभागाच्या ठिकाणी एक समिती बसत होती. पण तिच्याकडेही फक्त 'नियम बरोबर लागला का' एवढंच तपासायचं काम होतं. अपर्णाने फार कष्टाने अपील तयार केलं. नैसर्गिक न्याय, समानता, जगण्याचा हक्क, जुने निकाल, सगळं त्यात आणलं. तो नियम केला कुणी आणि का, एवढंच त्यात नव्हतं.

सुनावणीला आम्ही तिघी एसटीने गेलो. पंचफुलाबाईंनी लग्नकार्याला नेसायचं लुगडं नेसलं होतं. मल्हारी उरलेल्या मेंढरांमागे राहिले होते. गाडीत बाई खिडकीशी बसून बाहेरच्या पडीक रानाकडे बघत होत्या आणि मधूनच सांगायच्या, हितं चारा चांगला, हितं पाणी न्हाई. अपर्णा कागद चाळत होती.

खोलीत एसी होता. समोर तीन जण होते. मधले अध्यक्ष मोठे सभ्य गृहस्थ होते. अपर्णाचं नाव ऐकून ते पुढे झुकले.

"म्हणजे तो लेख लिहिणाऱ्या तुम्हीच का? अहो, आमच्या सगळ्या नियमाचा पायाच तुमच्या लेखात आहे. वाचलाय मी. फार सुंदर."

अपर्णाने हात जोडले. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता आणि तो क्षणभर उजळला, हे मी पाहिलं.

ती अर्धा तास बोलली आणि छान बोलली. मग खात्याच्या वकिलांनी फारसं काही केलं नाही. त्यांनी फाइलमधून तिच्याच लेखाची झेरॉक्स बाहेर काढली आणि त्यातला एक परिच्छेद वाचून दाखवला. अधिकाऱ्याला अपवाद करायची मुभा दिली की अपवाद हाच नियम होतो, आणि तो नेहमी ओळखीच्या माणसासाठी होतो, अशा अर्थाचा. वाचून झाल्यावर ते खाली बसले.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, हे तुमचंच मत ना?"

"तो लेख वेगळ्या संदर्भात होता, सर."

"संदर्भ सोडा. तत्त्व म्हणून विचारतो. अधिकाऱ्याला प्रणालीच्या वर जाण्याचा अधिकार नसावा, हे तत्त्व तुम्हाला आजही मान्य आहे की नाही?"

"नाही. मी चुकले होते," हे तीन-चार शब्द तिथे पुरेसे होते. निदान त्यांना विचार करावा लागला असता. मी मनातल्या मनात तिला ते म्हणायला लावत होते. पण समोर तिचा लेख होता, तिचं पुढचं पुस्तक त्याच लेखावर उभं होतं, आणि समोरचा माणूस आत्ताच फार सुंदर म्हणाला होता.

"तत्त्वतः हो," अपर्णा म्हणाली. "तथापि या प्रकरणातली वस्तुस्थिती..."

तथापिच्या पुढचं कुणी लिहून घेतलं नाही.

बाहेर आल्यावर कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. पंचफुलाबाईंना त्या खोलीतली भाषा फारशी कळली नव्हती, पण त्यांचं लक्ष सगळा वेळ अपर्णाच्या तोंडाकडे होतं. बशीतला चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, तुमी शेवटाला हो काहून म्हणलं?"

अपर्णाने समजावलं. म्हणजे समजावायला सुरुवात केली. तत्त्व वेगळं, प्रकरण वेगळं, आपला मुद्दा प्रकरणापुरता होता. बाई मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तो सायेब आमच्यासाटी इचारून राहिला, आन् तुमी हो म्हणून राहिल्या, म्हंजी काम झालं." आणि चहा प्यायल्या.

निकाल आला तो अपील फेटाळल्याचा. त्यात लिहिलं होतं, की नियमामागचं तत्त्व अर्जदारातर्फेही मान्य करण्यात आलं आहे. अपर्णाला पुढे हायकोर्टात जायचं होतं. निकालपत्र मिळताच तिने मल्हारींना फोन लावला. स्पीकरवर होता, मीही ऐकत होते.

"मॅडम, मेंढरं इकून टाकली," मल्हारी म्हणाले. "राहिली व्हती तेवढ्यावर दोन माणसं जगत न्हाईत. आता भांडून तरी काय करावं? कळप तर गेला. तुमी लई तकलीफ घेतली आमच्यापाई." आणि त्यांनीच फोन ठेवला.

त्या दिवसांत ती संध्याकाळी कॉलेजातच बसून राहायची. एकदा मी तिला घरी सोडायला गेले. उद्धवराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पाय सुजलेले, कानाला यंत्र. आता त्यांच्याकडे कुणी येत नव्हतं. अपर्णाने त्यांना सगळं सांगितलं, तिथेच, उंबऱ्यात उभी राहून. तिला बहुधा त्यांनी रागवावं असं वाटत होतं.

त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाले, "मी लोकांना ताटकळवलं. तू बघितलंस ते. तुझ्या आईला ते आवडायचं नाही, माझं मला कळत होतं तरी करायचो. पण अपर्णा, एखादी बाई पुन्हा पुन्हा आली की मला तिच्याकडे बघवत नसे. मग करून टाकायचो काम. लाज वाटायची म्हणून करायचो, चांगला होतो म्हणून नाही." सुजलेल्या पायावरून हात फिरवत ते म्हणाले, "आता ती बाई पुन्हा पुन्हा गेली, तर लाज कुणाला वाटायची?"

"मला," अपर्णा म्हणाली.

"तू तर तिथे नसतेस," उद्धवराव म्हणाले.

त्यानंतर ती लिहायला बसली. पहिल्या लेखात आपण काय चुकलो, हे तिने दुसऱ्या लेखात सरळ लिहिलं. माणसाच्या लहरीचा तिला जो राग होता तो खोटा नव्हता, पण लहर काढून टाकताना तिने जबाबदारीही काढून टाकली होती. यंत्राने नाही म्हटलं तर त्या नकाराला कुणाचं तरी नाव पाहिजे, ज्याला जाऊन विचारता येईल. आणि जागेवर जाऊन पाहणाऱ्याला स्वतः पाहिलेल्यावरून मंजुरी देण्याची मुभा पाहिजे, पण लेखी कारण देऊन, सर्वांसमोर, नावासकट. निवृत्त न्यायाधीश बैठकीत जे म्हणाले होते, जवळजवळ तेच. तिने तसं श्रेयही त्यांना दिलं. ते मात्र तोवर वारले होते.

दुसरा लेख पहिल्यापेक्षा जास्त गाजला. स्वतःचं मत जाहीरपणे खोडणारे लोक कमी असतात, म्हणून तिचं कौतुक झालं. पुढे नियम बदलला. डॉक्टरने पंचनाम्यावर कारण लिहून सही केली तर बिल्ल्यावाचूनही अर्ज पुढे जाईल असं आलं. खाली एक ओळ होती, की ही सुधारणा यापुढच्या प्रकरणांनाच लागू राहील. जुनी प्रकरणं उघडावीत म्हणून अपर्णाने अर्ज केले, मुंबईला दोनदा जाऊन आली. नाही झालं.

मग एके दिवशी ती म्हणाली, "चल, वसमतला जाऊ."

साखऱ्याहून पत्ता काढला होता. मल्हारी साखर कारखान्याकडे एका गोदामावर रखवालदार झाले होते आणि पंचफुलाबाई हळदीच्या आडतीवर निवडायच्या कामाला होत्या. हळदीचा हंगाम होता. आवारात सगळीकडे पिवळी धूळ, नाकात उग्र वास. बायका ओळीने बसून हळकुंडं आणि गड्डे वेगळे करत होत्या. पंचफुलाबाईंनी आम्हाला आधी ओळखलं नाही. मग तोंडावरचा पदर खाली केला आणि हसल्या. कोपरापर्यंत हात पिवळे झाले होते.

अपर्णा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. नियम बदलल्याचं तिने सांगितलं.

"म्हंजी आता कोणाची मेंढरं मेली, आन् बिल्ला नसला, तर डाक्टरला लिवता येतंय?"

"येतं."

"बरं झालं बाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. "आन् आमचं?"

"तुमचं नाही होणार. पुढच्यांचंच होणार."

"व्हय का." त्यांनी एक गड्डा उचलला, त्याची माती बोटाने झाडली आणि बाजूला टाकला.

"पंचफुलाबाई, अजून एक सांगायचंय," अपर्णा म्हणाली. "तो आधीचा नियम, ज्यानं तुमचं काम अडलं, तो मी लिहिला होता. तुम्ही कॉलेजात आलात त्याच्या आधीच. मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही. त्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं, की नियम चुकलाय. मी म्हटलं नाही."

शेजारच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. पंचफुलाबाईंचे हात मात्र चालूच होते.

"तुमी लिवला व्हता?"

"हो."

"मंग तुमाला तर पुसता आला असता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखरच ते समजत नव्हतं. "मला वाटून राहिलं, तुमी बी आमच्यासारक्याच, वरच्याला इचारनाऱ्या. म्हून तुमाला काही म्हणलं न्हाई मी."

अपर्णाने माफी मागितली. पंचफुलाबाईंनी मान हलवली. ती माफ केल्याची होती की ऐकल्याची, ते कळलं नाही. मुकादमाने हाक मारली तशी त्यांनी पुन्हा पदर नाकावर घेतला. निघताना मी विचारलं, मल्हारी कसे आहेत. "हाईत," त्या म्हणाल्या. "गोदामाला कुलूप ऱ्हातंय, तरी बसून ऱ्हायाचं. कळपामागं चालनारा माणूस. बसवत न्हाई त्याला." आणि त्या कामाला लागल्या.

अपर्णा अजून आमच्याच कॉलेजात आहे. दुसऱ्या लेखानंतर तिला एका मोठ्या शासकीय समितीचं बोलावणं आलं, ते तिने नाकारलं नाही. नाकारणं म्हणजे पुन्हा स्वतःचाच विचार करणं झालं, असं ती म्हणते. तिथे ती प्रत्येक मसुद्यावर एकच प्रश्न विचारते, की नकार मिळालेल्या माणसाने कुणाच्या समोर जाऊन उभं राहायचं. लोक कंटाळतात. शनिवारी कॉलेजातलं सल्ला केंद्र आटोपलं की ती सेनगावला डॉक्टर परमेश्वरांच्या दवाखान्यात जाऊन बसते आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज नीट करून देते. डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं आहे. ते तिच्याशी पहिल्यासारखंच बोलतात, फक्त आता तिच्यासमोर हसत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात केंद्रा बुद्रुककडच्या एका माणसाची गाय वीज पडून गेली. कानात बिल्ला नव्हता. डॉक्टरांनी कारण लिहिलं, सही केली, आणि अर्ज मंजूर झाला. नव्या नियमातला आमच्या भागातला तो पहिलाच. सकाळी स्टाफरूममध्ये अपर्णाने मला ते सांगितलं.

"बघ, झालं ना शेवटी चांगलं," मी म्हणाले.

"त्यांचं झालं," ती म्हणाली, आणि हजेरीपट उचलून वर्गावर गेली.